इंजिन दिसायला लागलं

माझे कान गेले ते एका साध्या सकाळी. थंडीचे दिवस होते. ताप नव्हता, कुठे पडले-झडले नव्हते. मी कणीक मळत होते आणि कुकर अजून शिट्टी का देत नाही म्हणून मनातल्या मनात वैतागले होते. तेवढ्यात माझे मिस्टर घाईघाईने आत आले, गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. त्यांचे ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. मला वाटलं, थट्टा चाललीय. मग करपलेल्या डाळीचा वास आला आणि मी पिठाचे हात तसेच धरून खुर्चीवर बसले.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. डावा कान गेला तो गेलाच. उजव्यात थोडंसं परत आलं. मशीन लावलं की शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय इतपत कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

नोकरी टिकली. मी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये आहे. आधी पेशंटला नाव विचारून रक्त काढायचं काम माझ्याकडे होतं, आता आतल्या खोलीत मशीनपाशी बसते. नळ्या येतात, आकडे निघतात. तिथे बोलायला तसंही कुणी नसतं. घरात आम्ही दोघंच. ह्यांचं आणि माझं बोलणं ओठांवरून, हातवाऱ्यांवरून आणि फोनमधल्या एका ॲपवरून सुरू झालं. समोरचा बोलला की ते ॲप त्याचं बोलणं मराठीत लिहून दाखवतं. बरंचसं बरोबर लिहितं आणि चुकतं तेव्हा फार मजेशीर चुकतं.

दोन गोष्टी मात्र सुटल्या. एक आईशी फोनवर बोलणं आणि दुसरी गाडी.

आई मोडनिंबला असते, माझ्या भावाकडे. रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. कुणाची म्हैस व्याली, बाजारात वांगी कशी होती, सुनेनं नवीन साडी कुठल्या रंगाची घेतली, असं सगळं. कान गेल्यावर भाऊ तिला व्हिडिओ कॉल लावून द्यायला लागला. पण फोन म्हटला की आई तो कानालाच लावायची. मला पडद्यावर तिचा फक्त कान दिसायचा. सुरकुतलेला, कानातल्या फुलाच्या वजनानं पाळी लांबलेला कान आणि वर पांढऱ्या केसांची एक बट. भाऊ फोन तिच्या तोंडासमोर धरायचा, ती ओढून परत कानाला लावायची. मग मी त्या कानाशीच बोलायचे. "आई, जेवलीस का?" कान थोडासा हलायचा. तिनं काय उत्तर दिलं ते मला कधीच कळायचं नाही. मला वाटायचं, हिला अजून उमगलेलंच नाही माझं काय झालंय ते. हळूहळू ते कॉलही कमी झाले.

गाडीचं वेगळं होतं. आमच्या घरात गाडी चालवणारी मी एकटी. हे सायकलवर ऑफिसला जाणारे. चार चाकांचं नाव काढलं की म्हणायचे, "आपल्याला दोन पुरे." मी पस्तिशी उलटल्यावर शिकले आणि एक जुनी, राखी रंगाची छोटी गाडी घेतली. सगळ्यात साधं मॉडेल. समोर वेगाचा काटा आणि पेट्रोलचा काटा, बास. इंजिन किती फिरतंय, किती तापलंय, हे दाखवणारं काहीच नाही. पण त्याची गरज कधी पडली नव्हती. मी गिअर कानानं बदलायचे. इंजिन जरा ओरडायला लागलं की दुसरा, परत ओरडलं की तिसरा. घोगरं झालं की खाली. गाडी शिकवणाऱ्या बाईंनीच मला तसं शिकवलं होतं. "तिचं ऐका, ती सांगते," असं त्या म्हणायच्या.

कान गेल्यानंतर एकदाच स्टिअरिंगवर बसले. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीतून निघून मोठ्या रस्त्याच्या सिग्नलपर्यंत पोचले आणि तिथे गाडी बंद पडली. बंद पडलीय हेच मला कळलं नाही. मी क्लच सोडतेय, ॲक्सिलरेटर दाबतेय, गाडी हलत नाही. एक रिक्षावाला येऊन काचेवर बोटं आपटायला लागला तेव्हा मी आरशात पाहिलं. मागे गाड्यांची ही रांग लागली होती. सगळेजण हॉर्न वाजवत असणार. माझ्यासाठी ते सगळं चित्रासारखं होतं. ऊन होतं, माणसांची तोंडं उघडत-मिटत होती आणि कुठेच काही आवाज नव्हता. त्या दिवशी किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी चिंचेखाली उभी राहिली. चिंचेची बारीक पानं तिच्यावर साचत गेली.

कान गेलेल्यांनाही गाडी चालवता येते, कायद्यानं परवानगी आहे, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण परवानगीचा प्रश्नच नव्हता. मला गाडी सापडत नव्हती. ती माझ्या पायाखाली आहे की नाही हेच कळत नव्हतं.

बरेच महिने गेले. एकदा हे म्हणाले, गाडी विकायची तर आधी चालू तर झाली पाहिजे. बॅटरी पार उतरली होती. जुन्या पुणे नाक्याकडे गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना ह्यांनी बोलावलं. पन्नाशीचे, अंगानं जाड, घरात तेलुगू बोलणारे, आमच्याशी मराठी. त्यांची मिशी अशी दाट की वरचा ओठ संपूर्ण झाकलेला आणि खालचाही अर्धा. त्यांचं एक अक्षरही मला वाचता येईना. त्यांनी बॅटरी जोडली, मग स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी हात घालून एक वायर खोचली. वायरीच्या दुसऱ्या टोकाला पाटीएवढा स्क्रीन होता. तो त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवला, मला खूण केली, सुरू करा.

मी किल्ली फिरवली. पायाला थरथर जाणवली. आणि स्क्रीनवर एक आकडा उगवला. आधी मोठा, मग झरझर उतरत आठशेच्या आसपास येऊन थांबला. थांबला म्हणजे अगदी स्थिर नाही. सातशे नव्वद, आठशे दहा, आठशे, असा हलत राहिला. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते तसा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

ते काहीतरी म्हणाले. मी फोन पुढे केला. ॲपवर अक्षरं आली, "इंजिन एका मिनिटाला इतकं फिरतंय मॅडम."

मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, अगदी हलका. आकडा वर गेला. पाय उचलला, आकडा खाली आला. परत दाबला. वर. मी दुसरा हात डॅशबोर्डवर पालथा ठेवला. आकडा वर जाताना हाताला येणारी थरथर बारीक आणि दाट होत होती, खाली येताना जाड आणि विरळ. आकडा आणि तळहात एकच गोष्ट सांगत होते. मी किती वेळ ते करत बसले कोण जाणे. शेवटी ह्यांनी खांद्याला हात लावला. इलेक्ट्रिशियन गाडीबाहेर उभे राहून रुमालानं मान पुसत होते. मी ह्यांना म्हणाले, "गाडी विकायची नाही."

तो स्क्रीन दुकानाचा होता, पण तसंच काम करणारी अंगठ्याएवढी वस्तू मिळते म्हणाले. ती खालच्या त्या भोकात खोचायची आणि गाडीचे आकडे आपल्या फोनवर बघायचे. आम्ही ती मागवली. मग संध्याकाळी लॅबमधून आले की चहा घेऊन आम्ही दोघं चिंचेखाली गाडीत जाऊन बसायचो. कुठे जायचं नाही, नुसतं बसायचं. गल्लीतल्या बायका आधी बघायच्या, मग त्यांना सवय झाली.

गाडी थंड असताना आकडा मोठा असतो, तापली की खाली येतो. एसी लावला की इंजिन क्षणभर दचकतं आणि सावरतं. पाण्याचं तापमान दिसायचं, नव्वदीच्या वर गेलं की पुढचा पंखा सुरू व्हायचा. तो मला तळपायाला कळायचा आणि मग तापमान एकेक आकड्यानं उतरताना दिसायचं. बॅटरीचा दाब दिसायचा. हेडलाइट लावले की तो जरासा वाकायचा. इतकी वर्षं ही गाडी मी चालवली आणि तिच्या पोटात हे सगळं चाललेलं असतं याचा मला पत्ताच नव्हता. फोनचा उजेड, काचेवर पडणारी पानं, आणि ते आकडे पाण्यातल्या माशांसारखे जागच्या जागी हलणारे. कधीकधी मला वाटायचं, आपण दोघं गल्लीतून अलगद सुटून कुठेतरी तरंगत निघालोय.

एका संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "आता आवाज कसा येतोय ते सांगा ना."

हे मितभाषी. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला वाटायचं, माणूस बोलतो की नाही. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग फोनकडे तोंड करून म्हणाले आणि मी वाचलं, "लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखा."

आठशे म्हणजे लांबची गिरणी. मी ॲक्सिलरेटर दाबला, पंधराशे.

"गिरणीत ज्वारी टाकल्यावर येतो तसा."

दोन हजार.

ते डोळे मिटून ऐकत राहिले. ॲपवर आलं, "आपल्या गल्लीतले वाघ, दुपारी जेवून पडल्यावर ऐकू येतात तसा."

मी दोनदा वाचलं. मग फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचलं आणि खांदे हलवून हसायला लागले. त्यांना माग म्हणायचं होतं. आमच्या घराच्या पाठीमागे यंत्रमागांची शेड आहे, तिची खडखड आमच्या सगळ्या दुपारींना चिकटलेली असायची. मी ती विसरत चालले होते. तेव्हापासून दोन हजार म्हणजे आमच्याकडे वाघ. "वाघ झाला, गिअर बदल," असं हे अजूनही म्हणतात.

अडीच हजाराला म्हणाले, "तुझी आई बोलते तसा. मध्ये श्वास न घेता." तीन हजाराला म्हणाले, "आता रागावलं. नको दाबू."

माझे कान जाण्याआधी आमच्यात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांना आवाजासाठी शब्द शोधावे लागायचे आणि शोधता शोधता ते भलतीकडे जायचे. ते लहानपणी वडिलांबरोबर गिरणीत जायचे, तिथे पिठानं पांढऱ्या झालेल्या भिंतीवर बोटानं रेघोट्या ओढायचे, हे मला त्या गाडीत कळलं.

मग मी ॲपची मांडणी बदलायला बसले. त्यात वाटेल तितके आकडे लावता येतात, मी आधी हावरटासारखे सगळे लावले आणि काहीच दिसेना. मग एकेक काढत गेले. शेवटी मधोमध इंजिनाचा मोठा आकडा, खाली कोपऱ्यात पाण्याचं तापमान, दुसऱ्या कोपऱ्यात बॅटरी. आकडा फार खाली गेला की मागचा रंग निळा व्हावा, म्हणजे गाडी बंद पडायच्या बेतात आहे. वाघाच्या वर गेला की पिवळा. एरवी काळा. आकडा वाचायला नजर रस्त्यावरून हटवायची गरजच नको, रंग डोळ्याच्या कडेला कळला पाहिजे. कुठला पिवळा, यावर मी एक अख्खा रविवार घालवला. शेवटी झेंडूचा निवडला.

पण गाडीच्या बाकीच्या गोष्टीही बोलतातच. इंडिकेटर टिकटिक करतो, गाडी मागे घेताना सेन्सर पिकपिक करतो, लॉक केल्यावर ती चिमणीसारखी एकदा आवाज देते. इलेक्ट्रिशियनच्या दुकानातला पोरगा येऊन गाडी घेऊन गेला आणि मागोमाग आम्हीही गेलो. ते दुकानातून बाहेर आले आणि मी बघतच राहिले. मिशी दोन्ही बाजूंनी कातरून ओठांच्या वर नेलेली होती. अगदी सरळ रेष. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "बोला मॅडम, काय काय करायचं?" आणि मला ते कळलं, फोनशिवाय.

गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्यात कंपनीनं काही गोष्टी ठरवून ठेवलेल्या असतात आणि त्यातल्या काही बदलता येतात. लॉक केल्यावर आवाजाऐवजी चारी दिवे दोनदा लुकलुकावेत, आतला दिवा एकदम न विझता हळूहळू मावळावा, एवढं त्यांनी तिथल्या तिथे केलं. उरलेलं हातानं करायचं होतं. इंडिकेटरसाठी काचेच्या खालच्या काठाला त्यांनी एक बारकी पिवळी लाइट बसवली. मागच्या सेन्सरला हिरवी-पिवळी-लाल पट्टी जोडली. मध्ये एकदा काहीतरी बिनसलं. त्यांनी एक बटण दाबलं आणि समोर होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या खुणा एकदम पेटल्या, वायपर आपोआप फिरायला लागले. हे उडी मारून खाली उतरले. इलेक्ट्रिशियन कपाळाला हात लावून बसले, मग शांतपणे म्हणाले, "जुनं सगळं आधी सेव्ह केलंय. परत टाकतो. घाबरू नका की." परत टाकलं, वायपर थांबले, आणि दुसऱ्या खेपेला नीट झालं.

निघताना ह्यांनी मिशीबद्दल विचारलं असावं. घरी आल्यावर मला सांगितलं, "म्हणाले, बायको कधीपासून मागं लागली होती. आता निमित्त मिळालं."

शहराबाहेर एक मोठं मोकळं रान आहे, प्लॉट पाडलेलं. आखीव रस्ते आहेत, कोपऱ्यांवर नंबर लिहिलेले दगड आहेत, घरं नाहीत. तिथे आम्ही रविवारी उजाडताना, रस्ते रिकामे असताना, जायला लागलो. हे शेजारी बसायचे, हातात वरचं हँडल घट्ट. धुक्यात ते रस्ते जणू नसलेल्याच एका गावातून जाताहेत असं वाटायचं. मी आकड्याकडे आणि रस्त्याकडे आलटून पालटून बघत पहिला, दुसरा, तिसरा टाकायचे. निळा, मग काळा, मग झेंडू, गिअर, परत काळा. काही आठवड्यांनी लक्षात आलं की मी फोनकडे बघायच्या आधीच माझा हात गिअरवर गेलेला असतो. सीटमधून, पाठीच्या मणक्यातून काहीतरी वर येत होतं आणि हात ते ऐकत होता. मी गाडी थांबवली. ह्यांना म्हणाले, "सापडली." त्यांनी हँडलवरचा हात खाली घेतला.

आणि मग आम्ही मोडनिंबला निघालो.

सकाळची वेळ होती. बाळे गाव मागे पडलं, उड्डाणपूल संपले आणि रस्ता मोकळा झाला. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालले होते. त्यांच्यावर नेहमी कर्कश गाणी लावलेली असतात, मला ते आता हत्तींसारखे गप्प दिसत होते. मोहोळ यायच्या थोडं आधी माझं लक्ष कोपऱ्यातल्या तापमानाकडे गेलं. एरवी नव्वदीत घुटमळणारा आकडा शंभराच्या घरात होता. मी एसी बंद केला, वेग कमी केला. तो थोडा थबकला आणि परत चढला. समोरचा लाल दिवा अजून पेटला नव्हता. गाडीला स्वतःला अजून काही म्हणायचं नव्हतं, पण आकडा सांगत होता.

"थांबवते," मी म्हणाले.

हे म्हणाले, "का? चांगली तर चाललीय."

"ताप आलाय तिला."

एका बाभळीखाली गाडी बाजूला घेतली. ह्यांनी बॉनेटजवळ कान नेला आणि लगेच मागे झाले. "फुसफुसतंय," म्हणाले. हिरवट पाण्याचे थेंब मातीत पडत होते. रबरी पाइपची पट्टी ढिली झाली होती. हे चालत पुढच्या ढाब्यापर्यंत गेले आणि तिथल्या पंक्चरवाल्याला घेऊन आले. तो म्हणाला, आता बॉनेट उघडून पाण्याच्या झाकणाला हात लावू नका, थंड होऊ द्या. मग आम्ही तिघंही बाभळीच्या विरळ सावलीत बसून राहिलो. मी मधूनच आत जाऊन किल्ली अर्धी फिरवायचे आणि आकडा बघून यायचे. तो उतरत होता, रेंगाळत. समोरून ऊस जात होता, त्याच्या मागे पांढरे बगळे, आणि वरून पिवळी फुलं माझ्या मांडीवर पडत होती. आजारी माणसाच्या उशाशी बसलं की जशी वेळ पसरट होते तसं झालं होतं. मला मुळीच घाई वाटत नव्हती. पंक्चरवाल्यानं पट्टी आवळली, पाणी भरलं, आणि म्हणाला, "वक्ताला थांबलात. अजून थोडं पळवली असती तर इंजिन गेलं असतं."

मोडनिंबला पोचायला दुपार झाली. आई ओट्यावर उभी होती. मी उतरले तर तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे, मग दुसऱ्या बाजूनं उतरणाऱ्या जावयाकडे.

"तू चालवलीस?" तिचे ओठ मला लगेच कळले. त्यांवर माझा जन्म गेलाय.

"मीच."

तिनं माझा चेहरा दोन्ही हातात धरला. "लई वाळलीस."

जेवणं झाल्यावर तिला गाडीत बसायचं होतं. दार लावून, एसी लावून आम्ही अंगणातच बसलो. मी, ती शेजारी, हे मागे. तिनं फोनकडे बोट केलं. "ह्ये काय हाय?"

मी तिला आकडा दाखवला, मग बोलणं लिहिणारं ॲप लावलं आणि म्हणाले, तू बोल, हे लिहितं. तिला वाचता येत नाही. ती फोनकडे संशयानं बघत म्हणाली, "माजं बोलणं लिवतंय व्हय? काय लिवलं, सांगा जावईबापू."

ह्यांनी पुढे वाकून वाचलं. तिच्या प्रत्येक 'हाय'ला फोन इंग्रजीतला नमस्कार समजत होता. मध्येच एका वाक्यात तिनं दोनदा नमस्कार केला होता. ह्यांनी तसंच वाचून दाखवलं. आई पदर तोंडाला लावून हसली. मग तिला गंमत वाटायला लागली आणि ती फोनशी हळू, तोडून तोडून बोलायला लागली. शेजारीण, कांदा, भावाचं गुडघ्याचं दुखणं. मी कधी तिचे ओठ वाचत होते, कधी अक्षरं.

मग मी विचारलं, "आई, व्हिडिओवर तू फोन कानाला का लावतेस गं? मला तुझं तोंड दिसत नाही. तोंड दिसलं की मला कळतं तू काय बोलतेस."

ती सीटवर माझ्याकडे वळून बसली. मग फोनकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली. मला अक्षरांची गरज पडली नाही.

"तुला न्हाय ऐकू येत. मला तर येतंय की. तुजा आवाज कानात नगं व्हय मला?"

मी समोर बघत राहिले. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. इतके महिने मी समजत होते की तिला कळलेलंच नाही. तिला सगळं कळलं होतं. माझ्याकडून गेलं ते गेलं, पण तिच्याकडचं ती धरून होती. पडद्यावर मला तिचा कान दिसायचा तेव्हा तिकडे ती मला ऐकत असायची, एकही शब्द न सांडू देता.

आम्ही ठरवलं की फोन आधी तिच्या कानाला आणि मग तोंडासमोर. भावानं ते मनावर घेतलंय. तिचं ऐकून झालं की तो फोन काढून घेतो आणि मग माझी पाळी.

आता आम्ही अधूनमधून जातो. मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा आई म्हणाली, उजनीच्या पाण्यावर म्हणे लांबून पाखरं येतात, जन्म इथं गेला पण पाहिली नाहीत. भाऊ कामात होता. मग आम्हीच तिघं निघालो. टेंभुर्णी ओलांडून पुढे, एका कच्च्या वाटेनं पाण्याच्या काठापर्यंत गाडी नेली. ऊन कोवळं होतं. पाणी इतकं सपाट की कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेना. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, लांबवर, गुलाबी पट्टा. आधी वाटलं, कसलीतरी माती आहे. मग तो पट्टा हलला.

मी इंजिन बंद केलं. आई खाली उतरली, चपला काढून ओल्या मातीत उभी राहिली. हेही गेले. मी बॉनेटला टेकून बघत होते, पाठीला त्याची ऊब लागत होती. पक्षी पाण्यात माना घालून सावकाश चालत होते, शेकडो, आणि त्यांच्या उलट्या सावल्या त्यांच्याबरोबर चालत होत्या. मला सगळं काचेमागे असल्यासारखं दिसत होतं, निवांत, जुन्या स्वप्नासारखं.

आईनं वळून मला हात केला. "लई कालवा करत्यात गं," ती म्हणाली.

"कसा?" मी विचारलं.

तिनं थोडा वेळ ऐकलं. मग जावयाकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, तुम्हीच सांगा. ती माझ्याजवळ आली, समोर उभी राहिली, म्हणजे मला ओठ दिसतील.

"लगीनघरात बाया जेवाय बसल्यावानी."

मी परत पाण्याकडे बघितलं. काहीतरी झालं असावं, कारण एका कडेचे पक्षी उठले, मग त्यांच्या शेजारचे, आणि तो सगळा पट्टा पाण्यावरून सुटून वर आला. पंखांच्या आतला रंग लालभडक निघाला. आईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि ते दिसेनासे होईपर्यंत तोंड वर करून उभी राहिली.